पेरूची २०२१ ची निवडणूक: दुसऱ्या फेरीतले बहुमत नेमके कोणाचे?

प्रश्नकर्त्यांनी विचारले आहे ते थोडक्यात असे. पेरू देशात २०२१ साली पहिल्या फेरीत १९ टक्केही मते न मिळालेला एक ग्रामीण शाळामास्तर दुसऱ्या फेरीत निम्म्याहून अधिक मते मिळवून राष्ट्राध्यक्ष झाला आणि दीड वर्षाच्या आत पायउतारही झाला. मग दोन फेऱ्यांच्या या पद्धतीने नेमके काय साधले, आणि आपल्याकडच्या तिरंगी-चौरंगी लढतींतील मतविभागणीवर ती उपाय ठरू शकेल काय? मी सुमारे तीन दशके महाराष्ट्रात निवडणुकीच्या कामात घालवली आणि निवृत्तीनंतर लॅटिन अमेरिकेतील निवडणूक पद्धतींचा अभ्यास करीत आलो आहे. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर देताना कायद्यापेक्षा मतमोजणीच्या टेबलाकडे माझे लक्ष अधिक जाते, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी शब्दाचा घोळ दूर करणे आवश्यक आहे. आपल्याकडे ‘फेरी’ म्हटले की मतमोजणीची फेरी डोळ्यांसमोर येते. तेराव्या फेरीअखेर अमुक उमेदवार आघाडीवर, असे आपण म्हणतो. पेरूमध्ये फेरी म्हणजे संपूर्ण मतदानच. राष्ट्राध्यक्षपदाच्या कोणत्याही उमेदवाराला वैध मतांच्या निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत पुन्हा एकदा देशभर मतदान घ्यायचे, अशी तरतूद तिथल्या राज्यघटनेच्या १११ व्या कलमात आहे. वैध मतांत कोरी आणि बाद मते धरली जात नाहीत. ही तरतूद मुळात १९७९ च्या घटनेने आणली आणि १९९३ च्या घटनेने ती कायम ठेवली. तिच्यामागचा हेतू सरळ होता: वीस-पंचवीस टक्के मतांवर निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाचे कोणी ऐकत नाही, म्हणून त्याच्या पाठीशी देशाच्या निम्म्या मतदारांचे बळ उभे करावे. हे बळ कोणत्या प्रतीचे असते, हा या सगळ्या प्रकरणातला कळीचा मुद्दा आहे.

११ एप्रिल २०२१ रोजी पहिली फेरी झाली. राष्ट्राध्यक्षपदासाठी १८ उमेदवार होते. त्याच दिवशी, त्याच मतदान केंद्रांवर, पेरूच्या १३० सदस्यांच्या एकगृही काँग्रेसचेही मतदान झाले. तिथे काँग्रेस हे पक्षाचे नव्हे, विधिमंडळाचे नाव आहे. ‘पेरू लिब्रे’ पक्षाचे पेद्रो कास्तियो यांना २७,२४,७५२ मते मिळाली, म्हणजे वैध मतांच्या १८.९ टक्के. दुसऱ्या क्रमांकावर ‘फुएर्सा पोपुलार’च्या केइको फुजिमोरी होत्या, त्यांची मते १९,३०,७६२, म्हणजे १३.४ टक्के. तिसरे आणि चौथे उमेदवार प्रत्येकी पावणेबारा टक्क्यांच्या आसपास होते. त्या दिवशी कोऱ्या मतपत्रिका सुमारे २१ लाख ९० हजार निघाल्या, म्हणजे केइको फुजिमोरींना पडलेल्या मतांपेक्षाही जास्त. देशपातळीवर आपल्या ‘नोटा’ला इतका मान अजून कोणी दिलेला नाही. एकूण नोंदणीकृत मतदार सुमारे २ कोटी ५३ लाख होते हे लक्षात घेतले, तर पहिल्या क्रमांकाच्या उमेदवाराला स्वतःहून निवडणारे मतदार जेमतेम नऊजणांत एक इतकेच होते.

या दोघांची मिळून मते वैध मतांच्या एक तृतीयांशापेक्षा कमी भरतात. याचा अर्थ असा की, वैध मत देणाऱ्या दर तीन मतदारांतल्या दोघांना अंतिम लढतीतला एकही उमेदवार नको होता. निदान त्यांची पहिली निवड तरी दुसरीच होती. मतदान १८ ते ७० वयोगटासाठी सक्तीचे असल्यामुळे आणि न केल्यास दंड भरावा लागत असल्यामुळे या मतदारांना घरी बसून राहणेही सोपे नव्हते. त्यांना दोन नकोशांपैकी कमी नकोसा निवडायचा होता.

ते दोन उमेदवारही असे की, एकाने दुसऱ्याची भीती दाखवावी. कास्तियो हे उत्तरेकडील काहामार्का प्रांतातल्या चोता भागातले प्राथमिक शिक्षक. २०१७ च्या शिक्षकांच्या संपामुळे ते देशाला माहीत झाले. पेरू लिब्रे हा पक्ष त्यांचा नव्हे. तो व्लादिमीर सेर्रोन या माजी प्रांतप्रमुखांचा, उघडपणे मार्क्सवादी-लेनिनवादी म्हणवणारा पक्ष. भ्रष्टाचाराच्या प्रकरणात शिक्षा झाल्यामुळे सेर्रोन यांना स्वतः उभे राहता येईना, म्हणून कास्तियो उमेदवार झाले. पांढरी रुंद काठाची टोपी आणि निवडणूक चिन्ह म्हणून पेन्सिल, या दोन गोष्टींनी त्यांना डोंगराळ भागात ओळख मिळवून दिली. केइको या आल्बेर्तो फुजिमोरी यांच्या कन्या. १९९० ते २००० या काळात सत्तेवर राहिलेल्या आणि पुढे मानवी हक्कांच्या उल्लंघनाबद्दल शिक्षा भोगलेल्या माणसाचे आडनाव हेच त्यांचे भांडवल आणि हेच त्यांचे कर्ज. त्या २०११ साली दुसऱ्या फेरीत हरल्या होत्या, २०१६ साली पुन्हा दुसऱ्याच फेरीत हरल्या होत्या आणि ही तिसरी वेळ होती.

६ जून २०२१ रोजी दुसरी फेरी झाली. कास्तियो यांना ८८,३६,३८० मते पडली आणि फुजिमोरी यांना ८७,९२,११७. फरक ४४,२६३ मतांचा, टक्केवारीत ५०.१३ विरुद्ध ४९.८७. आता एक साधी वजाबाकी करून पाहावी. एप्रिल ते जून या काळात कास्तियो यांची मते सुमारे ६१ लाखांनी वाढली, तर फुजिमोरी यांची सुमारे ६८ लाख ६० हजारांनी. म्हणजे दुसऱ्या फेरीत नवी मते जमवण्याच्या स्पर्धेत हरलेल्या उमेदवाराने विजेत्यावर साडेसात लाखांची आघाडी घेतली होती; पहिल्या फेरीतली पिछाडी आठ लाखांपेक्षा किंचित कमी होती, तेवढी ती भरून निघाली नाही. कास्तियो यांच्या दर दहा मतांपैकी जवळजवळ सात मते एप्रिलमध्ये दुसऱ्या कोणाची तरी, कोरी किंवा केंद्रावर न आलेल्यांची होती. फुजिमोरी यांच्या बाबतीत हे प्रमाण जवळजवळ आठ होते. अशा मताला मी उसने मत म्हणतो. ते वैध असते, मोजणीत त्याचे वजन पुरेपूर असते, पण ते देणारा दुसऱ्या दिवसापासून स्वतःला त्या उमेदवाराचा समर्थक समजत नाही.

हे उसनेपण किती खोल होते, याचे एकच उदाहरण पुरे. १९९० साली दुसऱ्या फेरीत आल्बेर्तो फुजिमोरींकडून पराभूत झालेले लेखक मारियो वार्गास योसा हे तीस वर्षे त्या घराण्याचे कडवे विरोधक होते. २०२१ मध्ये त्यांनी केइको यांना मत देण्याचे आवाहन केले. कारण त्यांच्या मते समोरचा धोका अधिक मोठा होता. दुसऱ्या बाजूला, कास्तियो यांच्या कार्यक्रमाशी काडीचेही देणेघेणे नसलेले असंख्य मतदार केवळ फुजिमोरी आडनाव नको म्हणून पेन्सिलीवर खूण करून आले. त्यात महासाथीची छाया होतीच. मतदानाच्या आठवडाभर आधी सरकारने कोरोनाबळींचा अधिकृत आकडा सुमारे ६९ हजारांवरून एकदम १ लाख ८० हजारांवर नेला, आणि लोकसंख्येच्या प्रमाणात जगात सर्वाधिक मृत्यू झालेला देश असे पेरूचे नाव झाले. प्राणवायूच्या टाकीसाठी रांगेत उभ्या राहिलेल्या देशात राजधानीवरचा राग मतपेटीत उतरणारच होता. दक्षिणेकडील पुनो प्रांतात कास्तियो यांना सुमारे ८९ टक्के मते मिळाली, तर राजधानी लिमामध्ये फुजिमोरी यांना सुमारे ६५ टक्के.

आता मतमोजणीकडे येतो, कारण माझ्या दृष्टीने या निवडणुकीतला सर्वांत शिकण्याजोगा भाग तो आहे. पेरूमध्ये निवडणुकीचे काम एका आयोगाकडे नाही. मतदान आणि मोजणी घेणारे कार्यालय वेगळे, त्याला तिथे ‘ओन्पे’ म्हणतात. तक्रारींचा निवाडा करणारे आणि निकाल जाहीर करणारे राष्ट्रीय निवडणूक न्यायमंडळ वेगळे. आणि मतदारयादीचा आधार असलेली नागरिक-नोंदणी संस्था तिसरी. देशभर ८६ हजारांहून अधिक मतदान टेबले होती आणि एका टेबलावर फार तर ३०० मतदार. टेबलावरचे तीन अधिकारी हे सरकारी कर्मचारी नसतात. त्याच टेबलाच्या मतदारांतून ते सोडतीने निवडले जातात आणि कामावर आले नाहीत तर त्यांना दंड होतो. शिक्षक, तलाठी आणि ग्रामसेवक यांच्या खांद्यावर निवडणूक पेलणाऱ्या आपल्या यंत्रणेतल्या माणसाला हे ऐकून थोडा हेवा वाटतो आणि थोडी धडकीही भरते.

मतदान कागदी मतपत्रिकेवर होते आणि ते संपताच त्याच टेबलावर, पक्षांच्या प्रतिनिधींसमोर, मोजणी होते. तिचा निकाल एका तक्त्यावर लिहिला जातो आणि त्याच्या अनेक प्रती निघून वेगवेगळ्या ठिकाणी जातात. आपल्या नमुना १७-सी मध्ये केंद्रावर झालेल्या एकूण मतदानाचा हिशेब तिथेच लिहून प्रतिनिधींना दिला जातो, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की पेरूच्या तक्त्यावर उमेदवारनिहाय निकालही असतो. यानंतरची तरतूद बहुतेकांना चकित करते. ज्या मतपत्रिकांवर कोणी आक्षेप घेतलेला नाही, त्या मोजणीनंतर टेबलाच्या अध्यक्षाने तिथल्या तिथे नष्ट करायच्या असतात. म्हणजे फेरमोजणी हा प्रकारच उरत नाही. वाद होतो तो तक्त्यावरून: बेरीज जुळत नाही, सही राहिली आहे, आकडा वाचता येत नाही. असे तक्ते बाजूला काढून विशेष निवडणूक मंडळांकडे पाठवले जातात आणि तिथे दुसऱ्या प्रतीशी ताडून पाहिले जातात.

६ जूनच्या संध्याकाळी मतदानोत्तर चाचणीत फुजिमोरी किंचित पुढे दिसल्या. काही तासांनी प्रत्यक्ष तक्त्यांच्या नमुन्यावर आधारलेल्या जलद मोजणीत कास्तियो किंचित पुढे निघाले. अधिकृत मोजणीत आधी फुजिमोरी पुढे होत्या आणि दुसऱ्या दिवशी कास्तियो त्यांच्या पुढे गेले. यात गूढ काही नव्हते. शहरातील तक्ते जवळून येतात म्हणून आधी नोंदले जातात. अँडीज पर्वतातील आणि ॲमेझॉनच्या खोऱ्यातील तक्ते नंतर येतात, आणि परदेशांतील मतदारांचे त्याहूनही उशिरा. पहिला आणि तिसरा गट फुजिमोरींचा, मधला कास्तियोंचा. कोणत्या भागातले आकडे कधी येणार हे ज्याला ठाऊक आहे, त्याला रात्रीच्या आघाडीचे अप्रूप वाटत नाही. गडचिरोलीतल्या दुर्गम केंद्रांवरून मतदान पथके परत येण्याची वाट पाहिलेल्या माणसाला तर हे वेगळे समजावून सांगायला नको.

फुजिमोरी यांच्या पक्षाने मात्र घोटाळ्याचा आरोप केला आणि ८०२ टेबलांचे, म्हणजे सुमारे दोन लाख मतांचे, निकाल रद्द करण्याची मागणी केली. लिमातल्या मोठमोठ्या वकिलांची फौज या कामाला लागली. अनेक अर्ज तर मुदत टळल्यावर आले. आक्षेप मुख्यतः असे: टेबलावरच्या अधिकाऱ्यांच्या सह्या ओळखपत्रावरील सहीशी जुळत नाहीत, एकाच टेबलावर नातेवाईक अधिकारी आहेत, आणि काही टेबलांवर फुजिमोरी यांना शून्य मते कशी? यांतला शेवटचा आक्षेप लोकांना फार पटतो, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका विधानसभा निवडणुकीत एका मोठ्या पक्षाच्या उमेदवाराला एका केंद्रावर एकही मत मिळाले नव्हते. त्याचा प्रतिनिधी टेबलावर हात आपटून म्हणत होता की, आमचा एक तरी माणूस त्या गावात असणारच. केंद्र एका वाडीचे होते, मतदार दोनशेच्या आत, आणि रस्त्याच्या प्रश्नावर सगळ्या वाडीने मिळून निर्णय घेतलेला होता. नोंदवही तपासली, मतदारांची संख्या जुळली, सह्या आणि अंगठे जुळले. शून्य हे शून्यच राहिले. अँडीजमधील खेड्यांत गावसभेत एकमताने निर्णय घेऊन मत देण्याची रीत जुनी आहे. जिथे एका प्रांतातच ८९ टक्के मते एका बाजूला पडतात, तिथे ३०० मतदारांच्या काही टेबलांवर समोरच्याला शून्य मिळणे हे गणिताला धरूनच आहे. लिमाच्या श्रीमंत वस्त्यांत कास्तियो यांची मतेही फारच थोडी होती. त्यावर कोणी अर्ज केला नाही.

न्यायमंडळाने हे अर्ज एकेक करून फेटाळले. अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेच्या निरीक्षकांनाही गंभीर गैरप्रकार आढळला नव्हता. तरीही अंतिम निकाल १९ जुलैला, म्हणजे मतदानानंतर ४३ दिवसांनी जाहीर झाला आणि २८ जुलैला, देशाच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीच्या दिवशी, नव्या राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी झाला. ते ४३ दिवस पेरूला फार महागात पडले, असे माझे मत आहे. निकाल बदलला नाही, पण निम्म्या देशाच्या मनात हा माणूस चोरून आला आहे ही समजूत पक्की बसली. उसने मत परत घेण्यासाठी लोकांना निमित्त हवे असते आणि ते त्यांना शपथविधीच्या आधीच मिळाले.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. राष्ट्राध्यक्षाला दुसऱ्या फेरीत पन्नास टक्के मते मिळतात, पण त्याची काँग्रेस पहिल्या फेरीच्या दिवशीच निवडून आलेली असते. त्या दिवशी मतदार १८ वाटांनी गेलेले असतात. २०२१ मध्ये १३० जागा दहा पक्षांत वाटल्या गेल्या. पेरू लिब्रेला ३७, फुएर्सा पोपुलारला २४, बाकीच्यांना १६ पासून ३ पर्यंत. म्हणजे राजवाड्यात बसणाऱ्याच्या हाती ५० टक्क्यांचे प्रमाणपत्र आणि सभागृहात मात्र २८ टक्क्यांचे बळ. त्यातही तो पक्ष त्याचा स्वतःचा नव्हे. दुसऱ्या फेरीत त्याला मत देणाऱ्या सुमारे ६१ लाख लोकांचे प्रतिनिधी सभागृहात इतर पक्षांच्या बाकांवर बसलेले असतात आणि त्याला पाठिंबा देण्याचे कोणतेही बंधन त्यांच्यावर नसते.

हे २०२१ पुरते घडले असते तर कास्तियो यांच्या अननुभवावर खापर फोडून मोकळे होता आले असते. पण मागे वळून पाहावे. १९९० मध्ये आल्बेर्तो फुजिमोरी पहिल्या फेरीत २९ टक्क्यांवर दुसरे होते आणि दुसऱ्या फेरीत ६२ टक्के मते घेऊन जिंकले. तेव्हाच्या द्विगृही संसदेत त्यांच्या पक्षाकडे कनिष्ठ सभागृहातील १८० पैकी ३२ जागा होत्या. दोन वर्षांनी, ५ एप्रिल १९९२ रोजी, त्यांनी सैन्याच्या मदतीने संसदच बंद केली. २०१६ मध्ये पेद्रो पाब्लो कुचिन्स्की पहिल्या फेरीत २१ टक्क्यांवर होते, केइको जवळजवळ ४० टक्क्यांवर. दुसऱ्या फेरीत कुचिन्स्की ४१ हजार मतांनी जिंकले. काँग्रेसमध्ये मात्र १३० पैकी ७३ जागा केइको यांच्या पक्षाच्या होत्या. मार्च २०१८ मध्ये कुचिन्स्की यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांच्या जागी आलेले मार्तिन विस्कारा यांनी २०१९ मध्ये काँग्रेस विसर्जित केली आणि नव्याने निवडून आलेल्या काँग्रेसने नोव्हेंबर २०२० मध्ये १०५ मतांनी त्यांनाच घालवले. त्यांच्यानंतरचे मानुएल मेरिनो पाच दिवस टिकले. दुसऱ्या फेरीने बहुमताचा आकडा दिला, सरकार चालवण्याचे साधन दिले नाही.

त्यात भर म्हणून राज्यघटनेच्या ११३ व्या कलमात ‘कायमची नैतिक अक्षमता’ असे एक कारण आहे. त्याची व्याख्या कुठेही नाही. त्या वेळच्या १३० जणांच्या काँग्रेसमध्ये ८७ सदस्यांनी, म्हणजे दोन तृतीयांशांनी हात वर केले की राष्ट्राध्यक्षपद रिकामे होत असे. आपल्याकडच्या महाभियोगाच्या पायऱ्या यात नाहीत. अविश्वास ठरावाइतके हे सोपे आहे, पण अविश्वास ठरावामागे असणारी पर्यायी सरकार बनवण्याची जबाबदारी त्यात नाही. कास्तियो यांच्याविरुद्ध डिसेंबर २०२१ मध्ये असा पहिला प्रस्ताव आला तो दाखलच झाला नाही. मार्च २०२२ मध्ये दुसरा आला, त्याला ५५ मते पडली. या काळात त्यांनी पाच पंतप्रधान आणि सत्तरहून अधिक मंत्री बदलले. भ्रष्टाचाराच्या चौकशा सुरू झाल्या आणि पेरू लिब्रेशीही त्यांचे फाटले. मी त्यांना निर्दोष बळी मानत नाही. कारभार नीट चालवण्याची कुवत त्यांनी दाखवली नाही. ७ डिसेंबर २०२२ रोजी तिसऱ्या प्रस्तावावर चर्चा होणार होती. त्याच दिवशी दुपार होण्याआधी त्यांनी दूरचित्रवाणीवरून काँग्रेस विसर्जित केल्याचे आणि हुकूमनाम्यांनी राज्य करणार असल्याचे जाहीर केले. दोन मंत्रिमंडळांना विश्वास नाकारला गेला असेल तरच राष्ट्राध्यक्षाला काँग्रेस विसर्जित करता येते. ती अट पूर्ण झालेली नव्हती. सैन्य हलले नाही. काँग्रेसने घाईने बैठक घेऊन १०१ मतांनी त्यांना पदच्युत केले आणि ते अटकेत गेले. उपराष्ट्राध्यक्ष दिना बोलुआर्ते त्यांच्या जागी आल्या.

त्यानंतर दक्षिणेत उसळलेल्या निदर्शनांत सुमारे ५० जणांचा जीव गेला. त्यांतले बरेचसे पुनो आणि आयाकुचो या भागांतले होते. ८९ टक्क्यांच्या प्रांतातली ती मते मात्र उसनी नव्हती. दुसऱ्या फेरीच्या आकड्यात लिमातले नाइलाजाचे मत आणि पुनोतले जिवाभावाचे मत एकाच रकान्यात बेरजेला जातात, आणि सरकार पडल्यावर रस्त्यावर येतो तो फक्त दुसरा मतदार. हा भेद निकालपत्रावर कुठेही दिसत नाही.

मग दोन फेऱ्यांची पद्धतच वाईट आहे काय? तसे मला वाटत नाही. एका फेरीतच निकाल लागला असता तर २०२१ मध्ये कास्तियो १८.९ टक्क्यांवरच राष्ट्राध्यक्ष झाले असते. ते याहून बरे म्हणता येणार नाही. काही देशांनी उंबरठा खाली आणला आहे. अर्जेंटिनात ४५ टक्के, किंवा ४० टक्के आणि दुसऱ्यापेक्षा दहा टक्क्यांची आघाडी असली, तर पहिल्याच फेरीत निकाल लागतो. तरीही २०२३ मध्ये तिथे पहिल्या फेरीत सुमारे ३० टक्क्यांवर दुसरे असलेले हावियेर मिलेई दुसऱ्या फेरीत जवळपास ५६ टक्के मते घेऊन आले आणि त्यांच्याही वाट्याला अल्पमताची संसद आली. फ्रान्सने वेगळा मार्ग धरला. तिथे २००२ ते २०२२ या काळात राष्ट्राध्यक्षपदाचा निकाल लागल्यावर काही आठवड्यांनी संसदेचे मतदान होत गेले, त्यामुळे मतदाराला कोण राष्ट्राध्यक्ष आहे हे माहीत असताना संसद निवडता आली. बहुमताची हमी यातूनही मिळत नाही, पण निदान दोन्ही निर्णय एकाच परिस्थितीत घेतले जातात.

प्रश्नाचा शेवटचा भाग आपल्याविषयीचा आहे. आपल्याकडे संसदीय पद्धत असल्यामुळे थेट निवडून येणारा राष्ट्राध्यक्ष नाही. दुसरी फेरी आणायची झाली तर ती मतदारसंघनिहाय आणावी लागेल. आचारसंहिता महिनाभर लांबणे, शाळा पुन्हा बंद राहणे, कर्मचारी पुन्हा प्रशिक्षणाला येणे, हे सगळे व्यवहार मी जवळून पाहिले आहेत आणि त्यांचा खर्च कागदावर दिसतो त्यापेक्षा मोठा असतो. शिवाय मतविभागणीवरचा एक उपाय आपल्या घरात आधीपासून आहे आणि त्याचा आपल्याला विसर पडतो: पसंतीक्रमाचे मतदान. विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत पहिल्या पसंतीवर कोणाला कोटा गाठता आला नाही, तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद होऊन त्याच्या मतपत्रिकांवरील दुसरी पसंती मोजली जाते. दुसरी फेरी तीच, फक्त मतदार केंद्रावर परत येत नाही.

तिचा सर्वांत गाजलेला प्रसंग १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीतला आहे. पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरी यांचे मतमूल्य ४,०१,५१५ होते, नीलम संजीव रेड्डी यांचे ३,१३,५४८ आणि तिसऱ्या क्रमांकावर आपल्या रायगड जिल्ह्यातले चिंतामणराव देशमुख होते, १,१२,७६९ वर. निम्म्याचा टप्पा ४,१८,१६९ चा होता आणि तो कोणीच गाठला नव्हता. बाकीचे उमेदवार बाद होऊन त्यांच्या मतपत्रिकांवरील पुढच्या पसंती मोजल्यावर गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले आणि रेड्डी ४,०५,४२७ वर. म्हणजे पुढच्या पसंतींचा फार मोठा वाटा, त्यात मुख्यतः देशमुखांच्या मतपत्रिकांचा, रेड्डींकडे गेला आणि ८८ हजारांची आघाडी १५ हजारांच्या आत आली. पेरूमधल्या जूनच्या आकड्यांशी हे किती जुळते ते पाहावे: मागून आलेल्याने अधिक जमवले आणि तरीही थोडक्यात हरला. फरक इतकाच की, इथे मतदारांनी दुसरी पसंती आधीच लिहून ठेवली होती, त्यामुळे मधल्या आठवड्यांत त्यांना घाबरवण्याची संधी कोणालाच मिळाली नाही. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. १८ उमेदवारांच्या यादीत सामान्य मतदार पहिल्या दोन-तीन पसंतींपुढे क्वचितच जातो, आणि पुढची पसंती न लिहिलेली मतपत्रिका मोजणीतून बाजूला पडते. पेरूसारख्या देशात ही पद्धत लावली तर शेवटच्या दोघांपर्यंत निम्म्या मतपत्रिका तरी पोहोचतील का, याची मला शंका आहे.

पेरूमध्ये एकच बदल करता येईल असे मला कोणी सांगितले, तर मी दुसऱ्या फेरीला हात लावणार नाही. काँग्रेसचे मतदान पहिल्या फेरीच्या दिवसावरून उचलून दुसऱ्या फेरीच्या दिवशी ठेवीन. अंतिम दोन उमेदवार समोर असताना मतदार आपल्या उसन्या मताबरोबर सभागृहातही काही बळ द्यायचे की नाही, हे तरी जाणूनबुजून ठरवेल, आणि अठरा पक्षांनाही त्या दोन महिन्यांत कोणाच्या बाजूला उभे राहायचे ते उघड सांगावे लागेल. पेरूच्या काँग्रेसने २०२४ मध्ये मोठी घटनादुरुस्ती केली. तिच्यानुसार ६० सदस्यांची सिनेट परत आणून विधिमंडळ पुन्हा द्विगृही केले. पण एप्रिल २०२६ साठी जो कार्यक्रम आखला गेला, त्यात दोन्ही सभागृहांचे मतदान पहिल्या फेरीच्याच दिवशी ठेवले गेले.